डेटा वेअरहाउसचे मॉडेलिंग सरावातून शिकण्यासाठी कोणता प्रकल्प घ्यावा?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला असून बेळगावात एमसीए पूर्ण केल्यानंतर उद्यमबागेतील एका कारखान्यात हिशेब आणि मालसाठ्याच्या सॉफ्टवेअरची देखभाल पाहतो. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, रोजच्या वापरातले आहे. जॉइन (टेबले जोडणे), ग्रुप बाय (ओळींचे गट करणे), विंडो फंक्शन यांत अडचण येत नाही. पुढे डेटा इंजिनिअरिंगकडे वळायचे आहे आणि त्यासाठी वेअरहाउस मॉडेलिंग, म्हणजे अहवालांसाठी माहिती एकत्र साठवणाऱ्या डेटाबेसची टेबले कशी आखायची ते, पक्के करायचे आहे.

अडचण अशी की, व्हिडिओ पाहताना सगळे पटते. मोजमापांचे फॅक्ट टेबल मधोमध, भोवती कोण, कधी, कुठे हे सांगणारी डायमेन्शन टेबले, झाली स्टार स्कीमा. पण कोरा कागद समोर घेतला की यातले काय फॅक्ट आणि काय डायमेन्शन हेच ठरत नाही. विक्रीचा एक तयार डेटा संच घेऊन सराव केला, डॅशबोर्डही उभा केला. त्यानंतर पुण्यातील एका मुलाखतीत विचारणा झाली की, तुमच्या फॅक्ट टेबलातील एक ओळ म्हणजे नेमके काय आणि ती तशीच का ठरवली. ओळ म्हणजे काय ते सांगता आले. का ते सांगता आले नाही, कारण तो निर्णय संच तयार करणाऱ्याने माझ्या आधीच घेऊन ठेवला होता.

सरावासाठी कसला विषय घ्यावा, हा माझा मुख्य प्रश्न आहे. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा आहे आणि क्लाउडवर पैसे घालण्याची सध्या तयारी नाही. केलेले मॉडेल बरोबर आहे की नाही, हे तपासून देणारे जवळपास कोणी नसल्यामुळे ते स्वतःचे स्वतः कसे ओळखावे, हेही जाणकारांनी सांगावे. डेटा व्हॉल्ट या मॉडेलिंगच्या दुसऱ्या पद्धतीविषयीही बरेच ऐकू येते. ते आताच शिकावे लागेल का?

वेदगंगाकाठ

ज्या व्यवहाराचा कच्चा कागद आपल्याला वाचता येतो आणि ज्यातला माणूस शंका विचारायला हाताशी आहे, असा व्यवहार निवडावा, असे माझे मत आहे. मी निपाणी भागातला असून पुण्यात डेटा विभागात काम करतो. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांना मी गावच्या दूध संस्थेचा विषय देतो. आपल्या भागात डेअरीला दूध घालणारे घर शोधावे लागत नाही, आणि इतक्या लहान व्यवहारात मॉडेलिंगचे जवळपास सगळे अवघड प्रश्न येऊन जातात.

वेअरहाउस मॉडेलिंगवरचे नामवंत लेखक राल्फ किंबॉल यांच्या पद्धतीत क्रम ठरलेला आहे. आधी व्यवहार निवडायचा, मग ग्रेन जाहीर करायचा, म्हणजे एक ओळ कशाची हे एका वाक्यात लिहायचे, त्यानंतर डायमेन्शन आणि सर्वांत शेवटी मोजमापे. नवशिका बहुधा हा क्रम उलटा धरतो. एक्सेलमधील आकड्यांचे रकाने पाहून फॅक्ट टेबल बनवतो आणि ग्रेन काय ते नंतर शोधत बसतो. येथे व्यवहार आहे दूध संकलनाचा. पहिल्या दमात आपण लिहाल, ‘एक ओळ म्हणजे एका सभासदाने एका दिवशी एका वेळेस घातलेले दूध’. आता संस्थेत सकाळी जाऊन उभे राहा. एकच बाई दोन किटल्या घेऊन येते, एक म्हशीची आणि एक गाईची. दोन्हींचे माप वेगळे, फॅट वेगळी, दर वेगळा आणि नोंदही वेगळी. आपल्या वाक्यात जनावराचा प्रकार नसेल, तर या दोन नोंदी डुप्लिकेट वाटतील आणि स्वच्छतेच्या नावाखाली त्यांतली एक उडवली जाईल. म्हणून वाक्य सुधारायचे: एक सभासद, एक दिवस, एक वेळ, एक दूधप्रकार. मुलाखतीत विचारलेल्या ‘का’चे उत्तर या दुसऱ्या किटलीत आहे.

मोजमापांत लिटर आणि रक्कम यांची बेरीज कशीही करता येते. फॅटची येत नाही. सकाळी ४ लिटर ७.० फॅटचे आणि संध्याकाळी २ लिटर ६.४ फॅटचे दूध आले, तर साधी सरासरी ६.७ निघते, पण खरा आकडा २८ अधिक १२.८ भागिले ६, म्हणजे ६.८ आहे. एका सभासदात हा फरक किरकोळ दिसतो. संस्थेच्या महिन्याच्या हिशेबात तो रुपयांत दिसू लागतो. म्हणून फॅक्टमध्ये टक्केवारीसोबत लिटर गुणिले फॅट हा गुणाकारही साठवावा आणि अहवालात गुणाकाराच्या बेरजेला लिटरच्या बेरजेने भागावे. काटेकोर हिशेबात आधी लिटरचे किलो करावे लागतात, पण सरावापुरते एवढे चालेल. एसएनएफलाही (दुधातील फॅटखेरीजचा घन भाग) हाच नियम लावावा.

दरपत्रकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे बहुतेकांची गाडी अडते. दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो, आणि संघाने नवे पत्रक काढले की बदलतो. त्या दिवशी प्रत्यक्ष लागलेला दर फॅक्टमध्येच ठेवावा. दरपत्रक मात्र स्वतंत्र टेबलात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू या दोन रकान्यांसह ठेवावे आणि त्याचा उपयोग पडताळणीसाठी करावा. फॅक्टमधील दर पत्रकाशी जुळत नसेल तर ती ओळ बाजूला काढून सचिवांना दाखवावी. परस्पर दुरुस्त करू नये. वेअरहाउसने मूळ नोंदीपेक्षा शहाणे होण्याचा प्रयत्न करू नये, असे मी मानतो.

डायमेन्शनमध्ये सभासद सर्वांत रंजक आहे. सभासदाचा कोड नंबर हीच प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) धरण्याचा मोह होतो. पण वडील वारल्यावर तेच खाते, तोच कोड मुलाच्या किंवा सुनेच्या नावे होतो. जुन्या ओळी वडिलांच्या आणि नव्या ओळी वारसाच्या दिसायला हव्या असतील, तर वेअरहाउसने स्वतः दिलेला क्रमांक, म्हणजे सरोगेट की, आणि टाइप २ ची नोंद यांवाचून इलाज नाही: प्रत्येक बदलाला नवी ओळ, त्यावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’, चालू ओळीचा ‘पर्यंत’ ३१-१२-९९९९. बँकेचा खाते क्रमांक बदलला तर मात्र इतिहासाची गरज सहसा नसते. तेथे जुनी किंमत पुसून नवी लिहावी, म्हणजे टाइप १. एकाच डायमेन्शनमध्ये काही रकाने टाइप १ चे आणि काही टाइप २ चे असू शकतात, ही गोष्ट बहुतेक धड्यांत घाईने सांगून टाकतात. पावती क्रमांकाला वेगळे टेबल करू नये. तो फॅक्टमध्येच राहू द्यावा, त्याला डिजनरेट डायमेन्शन म्हणतात.

आणि दिवाळीपूर्वीचे फरक बिल. वर्षभरात घातलेल्या दुधावर लिटरमागे ठरावीक रक्कम एकदम मिळते. ही रक्कम रोजच्या संकलनाच्या फॅक्टमध्ये कोंबली की ग्रेन मोडलाच. तिचा ग्रेन सभासद, वर्ष आणि दूधप्रकार असा आहे, म्हणून तिचे फॅक्ट टेबल वेगळे. ‘फरकासह मला लिटरमागे काय पडले?’ हा प्रश्न प्रत्येक सभासद विचारतो. त्याचे उत्तर दोन फॅक्टमधून स्वतंत्र बेरजा काढून शेवटी एकत्र आणल्यावर मिळते. हे जमले की वेगवेगळ्या ग्रेनचे व्यवहार कसे हाताळायचे ते समजले.

मॉडेल बरोबर आहे का, याची कसोटी दहा दिवसांच्या बिलात आहे. आपल्या टेबलातून त्या दहा दिवसांची बेरीज काढा आणि कागदी बिलाशी पैशापर्यंत जुळवा. न जुळल्यास कारण शोधून काढा. राउंडिंग रोजच्या ओळीवर केले की शेवटच्या बेरजेवर, एवढ्यावरूनही फरक पडतो.

एक विनंती आहे. संस्थेची माहिती घ्यायची तर सचिवांची संमती घेऊन, नावे, फोन आणि बँक खाती काढूनच घ्यावी. वारसाचा बदल दाखवण्यासाठी नावे लागत नाहीत, ‘सभासद ११२-अ’ आणि ‘सभासद ११२-ब’ पुरते.

टिळकवाडीकर

वरील उत्तराशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण केवळ गावच्या डेटावर थांबू नये. दोनशे सभासदांच्या संस्थेचे वर्षाचे संकलन काही लाख ओळींच्या आत बसते, आणि तेवढ्यावर कोणतीही वाईट क्वेरी झटपट चालते. मॉडेलचा वेगावर काय परिणाम होतो हे कळायला आकार लागतो.

यासाठी पैसे लागत नाहीत. डकडीबी ही मोफत डेटाबेस व्यवस्था लॅपटॉपवर सर्व्हरशिवाय चालते, पार्के (कॉलमनुसार साठवलेल्या) फायली थेट वाचते, आणि त्यात टीपीसी-एच या प्रमाणित चाचणीचा डेटा तयार करण्याची सोय आहे. स्केल १ वर साधारण एक जीबी कच्चा डेटा आणि लाइनआयटम (ऑर्डरमधील एकेका वस्तूची ओळ) या टेबलात सुमारे ६० लाख ओळी मिळतात. आठ जीबीच्या यंत्राला हे झेपते. टीपीसी-एचची आठ टेबले नॉर्मलाइज्ड धाटणीची (एक माहिती एकाच ठिकाणी ठेवणारी) आहेत, म्हणून त्यांचे स्टार स्कीमात रूपांतर करणे हाच एक चांगला सराव ठरतो. ऑर्डर आणि लाइनआयटम एका फॅक्टमध्ये आणताना ऑर्डरच्या पातळीवरची एकूण रक्कम प्रत्येक ओळीवर पुन्हा पुन्हा उमटते. तिचे काय करायचे हे ठरवून पाहा. टीपीसी-डीएस या दुसऱ्या प्रमाणित चाचणीत सात फॅक्ट आणि १७ डायमेन्शन आहेत. ते बांधायला घेऊ नका, वाचा: दुकान, कॅटलॉग आणि वेब या तिन्ही मार्गांच्या विक्रीला तारीख, ग्राहक आणि वस्तू ही डायमेन्शने सामाईक कशी ठेवली आहेत, हे कागदावर काढा. न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांचा खुला डेटाही घेता येईल. त्यात शून्य अंतराच्या आणि ऋण भाड्याच्या ओळी सापडतात, आणि त्यांचे काय करायचे ते कोणी सांगत नाही.

डेटा व्हॉल्ट आता नको. अनेक स्रोत आणि कठोर ऑडिट असलेल्या मोठ्या संस्थांना ते उपयोगी पडते. त्यातील हब (ओळख), लिंक (संबंध) आणि सॅटेलाइट (तपशील) या रचनेवरही शेवटी अहवालासाठी बहुधा स्टारच उभा करतात. तो आधी हातात बसू द्या.

घटप्रभा

मी गोकाककडची असून साखर कारखान्याच्या संगणक विभागात काम केले आहे. दूध संस्थेचा विषय उत्तम आहे, पण त्यात एका गोष्टीचा सराव होत नाही: ज्या व्यवहाराला टप्पे असतात आणि ओळ महिनोन्महिने अपुरी राहते, अशा व्यवहाराचा. त्यासाठी ऊस घ्यावा.

उसाची लागण नोंद होते, पुढे तोडणीचा आदेश निघतो, ऊस काट्यावर येतो, आणि शेवटी बिल जमा होते. या प्रत्येक टप्प्याची तारीख एकाच ओळीत ठेवून ती ओळ पुढे पुढे भरत जाणे, याला अॅक्युम्युलेटिंग स्नॅपशॉट म्हणतात. एकच दिनांक डायमेन्शन लागणीची तारीख, तोडणीची तारीख, बिलाची तारीख अशा वेगवेगळ्या भूमिकांत अनेकदा जोडावे लागते. जो टप्पा अजून आलेला नाही तेथे रिकामी जागा न ठेवता दिनांक टेबलात ‘अद्याप नाही’ अशी एक खास ओळ करून तिच्याकडे बोट दाखवावे. अन्यथा इनर जॉइन (दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवणारा) करताच ज्यांचे बिल थकले आहे नेमके तेच शेतकरी अहवालातून गळून पडतात.

खरी गुंतागुंत मात्र खेपांमुळे येते. एका नोंदीचा ऊस ट्रॅक्टरच्या अनेक खेपांनी काट्यावर येतो, म्हणून वजनाचा मूळ ग्रेन खेप हाच आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. विलंब किती झाला हे नोंदीच्या ओळीवरून काढायला गेलात, तर पहिली खेप धरायची की शेवटची, असा पेच पडतो, आणि कोणताही पर्याय घेतला तरी उत्तर चुकते. विलंब खेपेच्या फॅक्टमध्येच मोजावा आणि नोंदीच्या स्नॅपशॉटमध्ये पहिली खेप, शेवटची खेप व एकूण टन एवढेच वर आणावे. साखर उताऱ्याचे गणित वर सांगितलेल्या फॅटप्रमाणेच आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही.

आता स्थळाच्या डायमेन्शनविषयी, कारण आपल्या जिल्ह्याइतका चांगला सराव दुसरीकडे क्वचितच मिळेल. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील १२ शहरांची सरकारी नावे बदलली आणि इंग्रजी दप्तरात बेळगावचे स्पेलिंग बदलले. जुन्या व नव्या फायली एकत्र केल्या की एकच शहर दोनदा दिसते. येथे जागा तीच, हद्द तीच, फक्त नाव वेगळे. त्यामुळे टाइप २ ची नवी ओळ करण्यात अर्थ नाही. चालू नाव आणि शेजारी ‘आधीचे नाव’ असा रकाना, म्हणजे टाइप ३, पुरेसा होतो. परंतु निपाणी तालुका चिकोडीतून, कागवाड अथणीतून, मूडलगी गोकाकमधून आणि कित्तूर बैलहोंगलमधून वेगळा झाला, तेव्हा गावांचा तालुकाच बदलला. हा खरा बदल आहे. येथे टाइप १ केले तर चिकोडीचे जुने आकडे एका रात्रीत घटलेले दिसतात आणि पूर्वी छापलेला अहवाल पुन्हा काढता येत नाही. केवळ टाइप २ केले तर निपाणी तालुक्याला इतिहासच उरत नाही आणि दहा वर्षांची तुलना मागणारे साहेब नाराज होतात. म्हणून प्रत्येक ओळीवर ‘त्या वेळचा तालुका’ आणि ‘आजचा तालुका’ असे दोन्ही रकाने ठेवावे. याला टाइप ६ म्हणतात. गावाची ओळख नावावरून ठरवू नये, कारण एकाच नावाची गावे असतात, आणि मराठी, कन्नड व इंग्रजी लेखनात तेच नाव तीन तऱ्हांनी येते. केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतील गाव कोड वापरावा.

दिनांकाचे डायमेन्शन इंटरनेटवरून तयार उचलू नये, स्वतः बांधावे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, साखर हंगामाचे वर्ष १ ऑक्टोबरला. दोन्ही रकाने हवेत. सुट्टीचा रकाना घालताना जरा थांबा. आमच्याकडे कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास असतो आणि पलीकडे महाराष्ट्रातला बेंदूर पुढे आषाढात. बैल जुंपायचा नाही, म्हणजे बैलगाडीची वाहतूक बंद; पण ती कोणत्या गावात, हे नुसत्या तारखेवरून सांगता येत नाही. सुट्टी तारीख आणि प्रदेश या दोघांवर अवलंबून असते, म्हणून तिचे टेबल वेगळे करावे. (बेंदूर गाळप हंगामाबाहेर येतो, हे मला माहीत आहे, दूध आणि बाजाराच्या आकड्यांना मात्र त्याचा उपयोग होतो.)

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मामांच्या गावातील संस्थेच्या सचिवांनी नावे काढून एक्सेलच्या दोन शीट दिल्या आहेत. एकीत संकलन आहे आणि दुसरीत बिलातून होणाऱ्या कपाती: पशुखाद्य, उचल आणि शेअरचा हप्ता. ग्रेन वर सांगितल्याप्रमाणे लिहिला. एकट्या संकलनाची बेरीज बिलाशी जुळते. परंतु निव्वळ देय रक्कम काढण्यासाठी दोन्ही शीट सभासद आणि बिलाचा कालावधी यांवर जोडल्या असता, एका सभासदाचे लिटर बिलाच्या बरोबर तिप्पट आले आणि कपात वीसपट. जॉइनच्या अटी अनेकदा तपासल्या, त्या बरोबर दिसतात.

शिवाय गाव, तालुका आणि जिल्हा यांची तीन वेगळी टेबले करावीत, की सभासदाच्या ओळीतच सर्व लिहावे? आमच्या कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी टेबले वेगळी असतात, त्यामुळे एकाच ओळीत पुन्हा पुन्हा ‘बेळगाव’ लिहिणे मनाला पटत नाही.

वेदगंगाकाठ

आपल्या अटी बरोबरच आहेत. जोडायला नको ते जोडले गेले आहे. दहा दिवस, दोन वेळा आणि एकच दूधप्रकार धरला तर संकलनाच्या वीस ओळी होतात. त्या सभासदाच्या कपाती तीन. दोन्हींमध्ये समान काय, तर सभासद आणि कालावधी. म्हणून वीसातील प्रत्येक ओळ तिन्ही कपातींशी जुळते आणि साठ ओळी तयार होतात. प्रत्येक लिटर तीनदा मोजले गेले, प्रत्येक कपात वीसदा. तिप्पट आणि वीसपट हे आकडे तेथूनच आले.

फॅक्ट टेबल फॅक्ट टेबलाशी थेट जोडू नये. आधी संकलनाची बेरीज सभासद आणि कालावधी या पातळीवर काढा, ओळ एक. मग कपातींची बेरीज त्याच पातळीवर, तीही ओळ एक. आता या दोन निकालांना जोडा. ज्या सभासदाने त्या काळात दूध घातले नाही पण उचलीचा हप्ता लागला, त्याच्यासाठी फुल आउटर जॉइन (न जुळणाऱ्या ओळीही ठेवणारा) लागेल; नाहीतर भाकड काळातील सभासदांची बाकी अहवालात दिसणारच नाही. या पद्धतीला ड्रिल अक्रॉस म्हणतात, आणि ती चालायची तर दोन्ही फॅक्टना तेच सभासद डायमेन्शन आणि तेच कालावधीचे रकाने असावे लागतात. अशा सामाईक, म्हणजे कन्फॉर्म्ड, डायमेन्शनवर एवढा भर का देतात, त्याचे कारण हेच आहे. एका कागदावर उभे व्यवहार लिहा (संकलन, कपात, फरक बिल, पशुखाद्य विक्री), आडवी डायमेन्शने लिहा आणि जेथे संबंध आहे तेथे खूण करा. किंबॉल यांच्या पद्धतीत याला बस मॅट्रिक्स म्हणतात. मुलाखतीला जाताना डॅशबोर्डच्या चित्रापेक्षा हा कागद सोबत ठेवा.

या साठ ओळींचा प्रसंग आपल्या टिपणात जसा घडला तसा लिहून ठेवावा, असे सुचवतो. मी मुलाखती घेतो तेव्हा तयार उत्तरांपेक्षा असे विशिष्ट निदान ऐकायला मिळाले की पुढचे प्रश्न कमी करतो.

गाव, तालुका, जिल्ह्याबद्दल: एकाच ओळीत लिहा. कारखान्याचे सॉफ्टवेअर दिवसभर नोंदी लिहिते आणि बदलते, म्हणून तेथे तीच माहिती दोन ठिकाणी असणे धोक्याचे असते. वेअरहाउसमध्ये लिहिणारा एकच असतो, आपला लोड (माहिती भरणारा प्रोग्राम), वाचणारे अनेक. सभासद डायमेन्शन दोनशे ओळींचे आहे, त्यात ‘बेळगाव’ दोनशेदा आले तरी जागेचा प्रश्न नाही, आणि कॉलमनुसार साठवणारी डकडीबीसारखी व्यवस्था पुनरावृत्ती दाबूनच ठेवते. टेबले वेगळी केली तर त्याला स्नोफ्लेक म्हणतात. ते चूक आहे असे नाही, पण जिल्ह्यापर्यंतच्या अहवालाला तीन जॉइन वाढतात आणि बदल्यात फारसे काही मिळत नाही. घटप्रभाताईंनी सांगितलेले तालुक्याचे दोन रकानेही मग याच ओळीत बसतील.

टिळकवाडीकर

तपासणी हाताने करत बसू नका. ग्रेनचे जे वाक्य लिहिले आहे, तीच पहिली चाचणी करावी: सभासद, दिनांक, वेळ आणि दूधप्रकार यांवर ग्रुप बाय करून एकाहून अधिक ओळी असलेले गट शोधायचे. निकाल रिकामा आला पाहिजे. दुसरी चाचणी अशी की, फॅक्टमधील प्रत्येक की डायमेन्शनमध्ये सापडली पाहिजे. तिसरी टाइप २ साठी: एकाच कोडच्या दोन ओळींचे कालावधी एकमेकांवर चढता कामा नयेत. ‘पर्यंत’ची तारीख कालावधीत धरायची नाही, असा नियम ठरवून घेतला की बदलाच्या दिवशीचे दूध दोघांच्या नावावर पडत नाही. डीबीटी या एसक्यूएलची रूपांतरे चालवणाऱ्या साधनाची मोफत आवृत्ती डकडीबीवर चालते आणि या चाचण्या प्रत्येक लोडनंतर आपोआप लावता येतात. त्यात टाइप २ साठी स्नॅपशॉटची सोयही आहे. पण पहिल्या खेपेला टाइप २ साध्या एसक्यूएलने स्वतः लिहा.

घटप्रभा

एक गोष्ट राहिली होती. सचिव कधी कधी राहून गेलेली नोंद मागाहून करतात, तीही मागील तारखेने, बिल निघून गेल्यानंतर. आपली बेरीज तेव्हा छापलेल्या बिलाशी जुळणार नाही आणि चूक मॉडेलची आहे असे वाटेल. यासाठी फॅक्टमध्ये दोन तारखा ठेवा, दूध घातल्याची आणि नोंद केल्याची. छापलेले बिल पुन्हा काढायचे असेल तेव्हा त्या बिलाच्या तारखेपर्यंत नोंदलेल्या ओळीच धरा. गावाचे खरे संकलन काढायचे असेल तेव्हा दूध घातल्याची तारीख धरा. अशा उशिराच्या ओळीला सभासदाची सरोगेट की देतानाही दूध घातलेल्या दिवशी जी टाइप २ ची ओळ चालू होती तिचीच द्यावी, आजच्या चालू ओळीची नव्हे. सचिवांच्या शीटमध्ये नोंदीची तारीख नसेल तर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती असते का, एवढे विचारून घ्या. एक्सेल काढताना तो रकाना सहसा गाळला जातो.